बेशुद्ध माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे?

परदेशी आलेल्या आपल्या एखाद्या माणसाला अपघात होतो, मेंदूला मार लागतो आणि तो अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडून राहतो. आईवडील नागपूरला किंवा नांदेडला असतात. व्हिसा हाती पडेपर्यंत आठवडे जातात. गेल्या वर्षी अशाच एका तरुण मित्राच्या खाटेशेजारी आम्ही काही जण पाळीपाळीने बसलो. परिचारिका मायेने वागत. पण त्याच्या कानांवर दिवसभर पडे ती इंग्रजी आणि यंत्रांची टिकटिक. आठव्या दिवशी आम्ही फोन त्याच्या कानाशी धरला आणि आईने त्याला घरच्या नावाने हाक मारली. त्याने डोळे उघडले नाहीत. तरीही हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात का सुचले नाही, ही बोच आजही कायम आहे.

इंद्रियांना जाणीवपूर्वक चेतना देण्याच्या या पद्धतीला संवेदी उद्दीपन उपचार म्हणतात. ओळखीचा आवाज, हाताचा स्पर्श, परिचित वास, आप्तांची छायाचित्रे यांपैकी एकेक गोष्ट थोडा वेळ द्यावी, मध्ये विश्रांती द्यावी आणि नाडी, श्वास, डोळ्यांची हालचाल यांची नोंद ठेवावी. अखंड चालू ठेवलेला टीव्ही म्हणजे उपचार नव्हे. प्रकृती स्थिर होण्यापूर्वी व डॉक्टरांना विचारल्यावाचून यातले काहीच करू नये.

याने रुग्ण शुद्धीवर येतो काय? येथे चमत्काराची भाषा आपल्याला शोभणार नाही. २००२ सालच्या कॉक्रेन समीक्षेला या उपचाराच्या बाजूने वा विरुद्ध भरवशाचा पुरावा आढळला नाही. २०१५ साली अमेरिकेत थेरेसा पेप व सहकाऱ्यांनी आप्तांच्या आवाजातील आठवणी रुग्णांना दिवसातून चार वेळा, सहा आठवडे ऐकवल्या. त्या ऐकणाऱ्यांची प्रगती एका मोजपट्टीवर न ऐकणाऱ्यांपेक्षा चांगली दिसली. मात्र रुग्ण अवघे १५ होते. दुसरीकडे, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सूचनेला कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने ती सूचना पाळल्याचे तपासणीत दिसले. पडद्यावर उत्तर उमटत नाही म्हणून आतली प्रक्रिया थांबली, असे आम्ही अभियंते संगणकाबाबतही गृहीत धरत नाही.

आमचा मुद्दा या ‘सूचने’पाशी येतो. १९७४ साली ग्लासगोत टीसडेल व जेनेट यांनी तयार केलेली, ३ ते १५ गुणांची मोजपट्टी आज जगभर वापरली जाते. रुग्ण सांगितलेली कृती करतो काय, विचारल्यास सुसंगत बोलतो काय, हे त्यात पाहतात. मुलाकडे पाहुणी आलेल्या, केवळ मराठी जाणणाऱ्या आईला कुणी इंग्रजीत ‘हात उचला’ म्हटले आणि तो उचलला गेला नाही, तर तेथे मोजले काय गेले? तिची शुद्ध की तिची भाषा?

म्हणून आपल्या समूहाने तीन गोष्टी कराव्यात. रुग्णाची मातृभाषा पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुभाष्याची मागणी करावी. गावाकडच्या आप्तांकडून, त्यांच्याच बोलीत, जुन्या आठवणींचे ध्वनिमुद्रण मागवावे. खाटेशेजारी बसू शकणाऱ्यांची यादी आधीच तयार ठेवावी. इंग्लंड व वेल्समधील २००५ चा मानसिक क्षमता कायदा रुग्णाच्या पूर्वीच्या इच्छा व श्रद्धा विचारात घेण्यास सांगतो. त्या सांगणारा कुणी तेथे हजर तर हवा.

आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी न्हाऊ घालणाऱ्या तथागतांची कथा आपण दर वर्षावासात ऐकतो. जयंतीला शेकडो माणसे जमवणाऱ्या समूहाला खाटेशेजारी दोन माणसे बसवणे कठीण जाऊ नये.