रेषांचा कौल

चैत्रात आपल्या घरांतून चैत्रांगण रेखाटले जाते. पितृपक्षात शेजारच्या माळवी मुली भिंतीवर शेणाफुलांची संजा मांडतात. या आकृत्यांवरून रेखाटणारीचे मन ओळखून दाखवतो, असे कोणी म्हणाले तर आपण हसू. कासव, गोपद्मे, सूर्य-चंद्र ही तिला परंपरेने दिलेली असतात, हे आपण जाणतो. हाच दावा मानसशास्त्राच्या नावाने झाला की मात्र आपण मान डोलावतो.

घर, झाड व माणूस काढावयास सांगून स्वभाव वाचण्याची पद्धत अमेरिकेत जॉन बक यांनी १९४८ मध्ये मांडली. तिच्या आधारे चित्र लहान, रेषा फिकट, झाड निष्पर्ण, की नैराश्याची शंका घेतली जाते. घराला धुराडे नसेल तर कौटुंबिक जिव्हाळा उणा! उज्जयिनीच्या जुन्या वाड्यांत धुराडी होती कोठे? फाल्गुनातला पळस पाने झडल्यावरच फुलतो. आणि कंपवाताने वृद्धाचे अक्षर बारीक होते, तशी त्याची रेषाही आखडते. त्याचा दोष मनाच्या माथी का मारावा?

१९६७ मध्ये लोरेन व जीन चॅपमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांची चित्रे व त्यांखाली मनोविकारांची लक्षणे अशी जुळणी त्यांनी केली. चित्र व लक्षण यांत कोणताही संबंध ठेवला नव्हता. तरीही, संशयी माणूस डोळे ठळक काढतो, असे विद्यार्थ्यांना ‘आढळले’. अनुभवी तज्ज्ञही हेच सांगत असत. दोघांनी चित्रांत आपलेच पूर्वग्रह वाचले होते.

चित्रांचा उपयोग मुळीच नाही, असे माझे म्हणणे नाही. अबोल मुलाला बोलते करण्यास चित्र साह्य करते. घड्याळ काढावयास लावून स्मृतिभ्रंशाची प्राथमिक चाचपणी होते, कारण तेथे आकडे व काटे चुकले की बरोबर, हे तपासता येते. नैराश्याच्या निदानासाठी मात्र चित्रावर विसंबणे अन्यायकारक आहे. त्याने निरोगी माणसावर शिक्का बसतो. त्याहून वाईट म्हणजे, सुबक घर काढणारा आतून खचलेला माणूस ‘ठीक’ ठरून घरी परततो.

सरळ मार्ग उपलब्ध असताना हा कौल कशाला? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, निरुत्साह, इतकेच नव्हे तर मरणाचे विचारही थेट विचारते. तीही केवळ चाळणीच. निदान डॉक्टरांनी रुग्णाशी बोलूनच करावयाचे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

आपल्या घरांत मनाचे दुखणे बोलून दाखवण्याची रीत नाही. म्हणूनच चित्राची पळवाट आपल्याला सोयीची वाटते: विचारणाऱ्याला विचारावे लागत नाही, सांगणाऱ्याला सांगावे लागत नाही. आजोबा दुपारभर भिंतीकडे पाहत बसू लागले, तर त्यांच्या हाती कागद-पेन्सिल देऊ नका. जवळ बसा आणि विचारा.