मोटारीच्या पोटाखालचा प्रयोग

शर्यतीच्या मोटारीचे मागच्या बाजूने घेतलेले एखादे छायाचित्र नीट पाहा. मागच्या बंपरखाली, अगदी जमिनीलगत, मागे वर चढत गेलेला एक उतार आणि त्याला जडवलेल्या उभ्या पट्ट्या दिसतील. या भागाला डिफ्यूझर म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत अनेक हौशी लोक आपल्या स्पोर्ट्‌स मोटारीसाठी असा डिफ्यूझर घरच्या गॅरेजमध्येच तयार करतात. ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा प्लायवूड कापायचे, लोखंडी पट्ट्यांच्या आधाराने मोटारीच्या तळाला बोल्टने आवळायचे, एवढेच वरवर पाहता त्यात काम असते.

या उद्योगाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते हा निव्वळ पोरखेळ आहे. वातविवर (हवेचा प्रवाह सोडण्याचा बोगदा) आणि मोठे संगणक जवळ नसतील तर या कामाला हातच लावू नये. दुसऱ्यांच्या मते पत्रा वाकवून बसवला की काम झाले. मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. घरी डिफ्यूझर जरूर करावा, मात्र करणाऱ्याने त्याचा परिणाम मोजलाच पाहिजे. न मोजलेला डिफ्यूझर हा मोटारीला घातलेला दागिना होय.

असे म्हणण्याचे कारण समजण्यासाठी डिफ्यूझरचे कार्य पाहू. डॅनिएल बेर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेले तत्त्व तुम्हाला ठाऊक असेल. प्रवाहाचा वेग जेथे वाढतो तेथे त्याचा दाब कमी होतो. धावत्या मोटारीचा तळ आणि रस्ता यांमधील फटीतून हवा वेगाने जाते, तेथील दाब उतरतो आणि वरच्या बाजूचा जास्त दाब मोटारीला रस्त्याकडे दाबतो. त्यामुळे वजन न वाढवता चाकांची रस्त्यावरील पकड वाढते. ही वेगवान हवा शेवटी मोटारीच्या मागील शांत, संथ हवेत मिसळायची असते. डिफ्यूझरचा उतार तिला हळूहळू पसरायला जागा देतो. पसरताना तिचा वेग कमी होतो व दाब पूर्ववत होऊ लागतो. याचा परिणाम असा, की तळाखालून अधिक हवा खेचली जाते आणि दाब सर्वांत कमी होतो तो उताराच्या सुरुवातीपाशी व त्याच्या पुढील सपाट तळाखाली.

म्हणजे डिफ्यूझर आपल्याला दिसतो एका जागी आणि त्याचा मुख्य परिणाम होतो दुसऱ्या जागी. रस्त्यावरील साध्या मोटारीचा तळ बहुधा सपाट नसतो. तेथे सायलेन्सर, इंधनाची टाकी, नळ्या आणि दांडे लोंबत असतात. अशा खडबडीत तळाखालून येणारी हवा आधीच गोंधळलेली असते. तिच्यासाठी मागे कितीही सुबक उतार केला तरी फारसा उपयोग होत नाही. ज्याला डिफ्यूझर करायचा आहे त्याने आधी तळ झाकून सपाट केला पाहिजे. पण तो भाग कोणाला दिसत नाही, म्हणून पुष्कळजण नेमके तेच काम टाळतात!

दुसरा प्रश्न उताराच्या कोनाचा. समजा, तळ रस्त्यापासून १५ सेंमी. उंच आहे आणि डिफ्यूझरची लांबी ६० सेंमी. आहे. कोन १० अंश ठेवला तर मागचे टोक सुमारे १०.५ सेंमी. वर जाईल आणि फट १५ वरून साडेपंचवीस सेंमी. होईल. कोन २० अंश केला तर टोक जवळजवळ २२ सेंमी. चढेल. मग जास्त कोन चांगला नाही का? नाही. उतार फार चढा असला की हवा पत्र्याला धरून राहत नाही. ती सुटून भोवरे तयार होतात आणि दाब पूर्ववत होण्याची क्रिया बिघडते. साधारण ७ ते १० अंशांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. पण आपल्या मोटारीला नेमका कोणता कोन मानवेल हे पुस्तकातून कळत नाही. ते तपासूनच पाहावे लागते.

येथे कोणी म्हणेल, “डिफ्यूझर बसवल्यापासून मोटार वळणावर छान चिकटते, मला ते जाणवते!” या जाणिवेवर किती विश्वास ठेवावा, ते आकडेमोड करून पाहू. ताशी १०० किमी. वेगाने येणाऱ्या हवेचा गतिज दाब सुमारे ४६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सुमारे ४७ मिमी. असतो. समजा, घरच्या डिफ्यूझरमुळे २ चौ. मीटर तळाखालचा दाब सरासरी ५० पास्कलने आणखी उतरला. खाली दाबणारे बल १०० न्यूटनने, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतके वाढेल. मोटार १,००० किलोग्रॅमची असेल तर ही वाढ शंभरात एक झाली. एवढा फरक चालकाला बसल्या जागी ओळखता येईल, असे मला वाटत नाही. त्याला जे जाणवते ते बहुधा आठवडाभर गाळलेल्या घामाचे समाधान असते. ते समाधान खरे आहे, पण तो पुरावा नव्हे.

पुरावा मिळवायला फार खर्च येत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीला इंग्रजी यू अक्षराचा आकार द्यावा आणि तीत रंगीत पाणी भरावे. नळीचे एक टोक तळाला पाडलेल्या छिद्राशी जोडावे, दुसरे मोटारीच्या आत मोकळे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १ मिमी. फरक म्हणजे सुमारे १० पास्कल. खिडक्या प्रत्येक वेळी सारख्याच बंद हव्यात, रस्ता सपाट आणि वेग स्थिर हवा, आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत. डिफ्यूझरच्या पृष्ठावर लोकरीचे तुकडे चिकटवून त्यांची छायाचित्रे घेतली की आणखी एक गोष्ट कळते. धागे सरळ मागे वाहत असतील तर हवा पत्र्याला धरून आहे. ते गरगरत किंवा उलटे फिरत असतील तर ती सुटली आहे. हे सारे डिफ्यूझर बसवण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा करावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. ‘आधी’चे आकडे नसतील तर ‘नंतर’च्या आकड्यांना अर्थ नाही.

साधने साधी असली म्हणून विज्ञान हलके ठरत नाही, याचे उत्तम उदाहरण शर्यतींच्याच इतिहासात आहे. लोटस या इंग्लिश संघाचे कॉलिन चॅपमन, पीटर राइट आणि त्यांचे सहकारी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या वातविवरात एका नमुन्याची चाचणी घेत होते. आकडे एकमेकांशी जुळेनात. शोध घेता असे दिसले, की नमुन्याच्या बाजू वाकून जमिनीकडे झुकत होत्या. मग कडेच्या फटी पुठ्ठ्याने बंद करून पाहिल्या, तो खाली दाबणारे बल खूपच वाढले! याच कल्पनेवर १९७७ ची लोटस ७८ आणि तिच्यानंतरची लोटस ७९ ही मोटार उभी राहिली आणि मारिओ आंद्रेत्ती १९७८ साली जगज्जेता झाला. पुठ्ठा कोणाच्याही घरी असतो. न जुळणाऱ्या आकड्यांकडे दुर्लक्ष न करण्याची वृत्ती मात्र दुर्मिळ असते. उलट बाजूही पाहा. २०२२ साली फॉर्म्युला वनमध्ये तळाच्या बोगद्यांवर आधारलेल्या मोटारी पुन्हा आल्या, तेव्हा मोठमोठे संगणक हाताशी असूनही अनेक संघांच्या मोटारी सरळ रस्त्यावर वरखाली उसळू लागल्या. म्हणजे अंतिम निकाल तेथेही प्रत्यक्ष चाचणीनेच दिला.

काही धोक्यांची जाणीव ठेवायला हवी. फक्त मागची चाके जास्त दाबली गेली तर वेगात वळताना मोटारीचे नाक बाहेर सरकू शकते. सायलेन्सरजवळचे लाकूड किंवा प्लॅस्टिक तापते. सैल बसवलेला पत्रा वेगात सुटला तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणून या चाचण्या सार्वजनिक रस्त्यावर मुळीच करू नयेत. त्यांची जागा बंद धावपट्टी ही आहे. आपल्या देशात नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मनाई केली आहे, हेही लक्षात असू द्यावे.

पण शाळेच्या प्रयोगशाळेत हे तत्त्व पडताळायला मोटार लागत नाही. पुठ्ठ्याची सपाट तळाची पेटी फळीपासून थोडी उंच धरा, तिच्या मागील भागाला कोन बदलता येईल असा उतार जोडा आणि समोर टेबलपंखा ठेवा. पंख्यापुढे शीतपेयाच्या नळ्यांची जुडी आडवी ठेवली की हवेचा पीळ कमी होतो. पंख्याची हवा सेकंदाला ४ मीटर वेगाने येत असली तर तिचा गतिज दाब पाण्याच्या जेमतेम १ मिमी. इतकाच भरेल. म्हणून नळीची एक भुजा दहास एक अशा चढाने तिरपी ठेवावी. पातळीतील १ मिमी. फरक नळीवर सुमारे १० मिमी. होऊन दिसेल. कोन ५, १०, १५, २० अंश असा बदलत जा आणि आलेख काढा.

शिक्षकांना यासंबंधी एक विनंती करावीशी वाटते. आपल्या प्रयोगवहीतील बहुतेक प्रयोगांची उत्तरे आधीच छापलेली असतात आणि मुले आकडे त्या उत्तराकडे वळवायला शिकतात. या प्रयोगाचे उत्तर कोठेही छापलेले नाही. पेटी बदलली, उंची बदलली की ते बदलते. एखाद्या गटाने काळजीपूर्वक मोजून ‘आमच्या उताराने काहीच फरक पडला नाही’ असे लिहून आणले, तर त्या गटाला पूर्ण गुण द्यावेत. आणि ज्याने आकड्यांवाचूनच ‘डिफ्यूझर फारच छान चालला’ असे लिहिले असेल, त्याची वही मोजमापासाठी परत करावी.