बिरसीच्या धावपट्टीवरून अंतराळ किती दूर?

गोंदिया : धान कापणीच्या दिवसांत बिरसी, कामठा परिसरातील बांध्यांमध्ये वाकलेली माणसे डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या विमानाकडे आता मान वर करूनही पाहत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी उभारलेल्या येथील धावपट्टीचे नशीब पालटले ते 2005 नंतर. विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली, विस्तार झाला आणि सीएई या कॅनडाच्या कंपनीच्या भागीदारीतून वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मोठ्यांना त्या विमानांचे अप्रूप उरले नसले, तरी मुलांना आहे. फरक एवढाच, की आजच्या मुलांचे स्वप्न वैमानिक होण्यापाशी थांबत नाही. त्यांना चंद्रावर जायचे असते, मंगळावर जायचे असते.

यात हसण्यासारखे काही नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, ते या मुलांनी वर्गात बसून पाहिले. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले. राकेश शर्मा यांच्या 1984 मधील उड्डाणानंतर तब्बल 41 वर्षांनी एक भारतीय अंतराळवीर अवकाशात गेला. त्याच्या वर्षभर आधी, 19 मे 2024 रोजी, आंध्र प्रदेशात जन्मलेले आणि अमेरिकेत व्यवसाय करणारे गोपीचंद थोटाकुरा हे ब्लू ओरिजिनच्या यानातून पर्यटक म्हणून अवकाश पाहून आले. ते स्वतः वैमानिक आहेत, हे बिरसीच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे. अवकाश म्हणजे केवळ सरकारी मोहीम नव्हे, तर सहलही असू शकते, ही कल्पना अशा बातम्यांमुळे घराघरांत पोहोचली.

पण ही सहल नेमकी कोठवर जाते? शंभर किलोमीटर उंचीवर अवकाशाची हद्द सुरू होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. थोटाकुरा यांचे यान ही रेषा ओलांडून साधारण दहा मिनिटांत परतले. गोंदिया ते नागपूर हे रेल्वेचे अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे. म्हणजे हे पर्यटन उंचीच्या हिशेबात अद्याप नागपूरलाही पोहोचलेले नाही. अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटरवर, चंद्र पावणेचार लाखांहून अधिक आणि मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास. चंद्रावर वा मंगळावर तिकीट काढून कोणी गेलेले नाही, नजीकच्या काळात जाण्याची चिन्हेही नाहीत.

भाड्याची गोष्ट वेगळीच. 2001 मध्ये डेनिस टिटो या अमेरिकी उद्योजकाने स्थानकावर जाण्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलर मोजले. काही मिनिटांच्या उड्डाणासाठी व्हर्जिन गॅलेक्टिकने 2021 मध्ये साडेचार लाख डॉलरचा दर लावला. पुढे स्वस्त होईल, असे गेली वीस वर्षे सांगितले जात आहे. या कंपनीचे तिकीट मात्र पूर्वी दोन लाख डॉलर होते, ते वाढतच गेले.

स्वप्न आणि व्यवहार यांतील या दरीतच काहींनी दुकान थाटले. नेदरलँड्समधील मार्स वन या संस्थेने 2013 मध्ये मंगळावर कायमचे वास्तव्य करण्यासाठी, म्हणजे परतीच्या तिकिटाविना, शुल्कासह अर्ज मागविले. दोन लाखांवर लोकांनी रस दाखविला व त्यांतील दहा टक्के भारतीय होते, असा संस्थेचाच दावा होता. अमेरिकेखालोखाल ही संख्या. 2015 मध्ये निवडलेल्या शंभर जणांत तीन भारतीय होते. वृत्तपत्रांनी, आमच्याच व्यवसायाने, त्यांच्या मुलाखती हौसेने छापल्या. यान कोठे आहे, पैसा कोठून येणार, हे प्रश्न मागाहून आले. 2019 च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरीत निघाली. चंद्रावरील भूखंडांची प्रमाणपत्रे आजही वाढदिवसाची भेट म्हणून घेतली जातात. 1967 च्या अंतराळ करारानुसार कोणताही देश चंद्रावर मालकी सांगू शकत नाही, तेथे सातबारा कोण देणार?

मात्र अशा फसगतीपेक्षा बिरसीने गोंदियाकरांना शिकविलेला धडा अधिक मोलाचा आहे. वस्तू अंगणात आली म्हणजे ती आपली होतेच असे नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लाखो रुपयांत जातो. धानाच्या दोन-चार एकरांवर जगणाऱ्या घराला तो झेपणारा नाही. प्रशिक्षणार्थी देशभरातून येतात, विमानाचा आवाज गावाच्या वाट्याला येतो. विस्तारासाठी ज्यांची घरे-जमिनी गेल्या, त्या बिरसीच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तर वर्षानुवर्षे गाजत राहिला. अंतराळ पर्यटनाचे याहून निराळे काय होणार? पाहणारे खूप, बसणारे मोजके.

तेव्हा गोंदियाच्या मुलांना तिकिटाच्या खिडकीपासून दूर नेऊन खरे दरवाजे दाखविणे अगत्याचे आहे. ते आहेत. गगनयानासाठी निवडलेले चारही अंतराळवीर हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. म्हणजे वाट प्रशिक्षण संस्थेच्या शुल्कातून नव्हे, तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या संस्थांतून जाते आणि तेथे शिक्षणाचा खर्च सरकार करते. प्रबोधिनीत 2022 पासून मुलींनाही प्रवेश आहे. विदर्भातील सैनिकी शाळा 2019 मध्ये चंद्रपुरात सुरू झाली, म्हणजे सातारा हाच एकमेव पर्याय आता राहिलेला नाही.

दुसरा दरवाजा इस्रोचा. थिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश देते. गुणांची अट पूर्ण करणाऱ्या पदवीधरांना रिक्त जागांनुसार इस्रोत शास्त्रज्ञ म्हणून घेतले जाते. याहून कमी बोलली जाणारी बाब म्हणजे इस्रोची केंद्रे आयटीआय झालेल्या फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांचीही भरती करतात. अग्निबाणाचा सांधा कोणीतरी हातानेच जोडतो. सालेकसा किंवा देवरीच्या तरुणासाठी अवकाशाशी नाते जोडण्याचा कदाचित हाच सर्वांत जवळचा मार्ग असेल. पण आयटीआयच्या आवारात त्याची चर्चा क्वचितच ऐकू येते.

शालेय वयातील मुलांसाठी इस्रोने 2019 पासून 'युविका' हे निवासी शिबिर सुरू केले. नववीच्या विद्यार्थ्यांची त्यासाठी निवड होते व ग्रामपंचायत हद्दीतील शाळांत शिकणाऱ्यांना त्याचे वेगळे गुण मिळतात. शहरी शाळेच्या मुलापेक्षा आमगाव-अर्जुनीच्या मुलाला येथे निदान एका निकषावर तरी आघाडी आहे. स्पर्धा परीक्षांच्या जगात असे सहसा घडत नाही. पुणे जिल्हा परिषदेने 2025 मध्ये आयुकाच्या मदतीने आपल्या शाळांतील मुलांची परीक्षा घेऊन काहींना इस्रोच्या, तर काहींना थेट नासाच्या केंद्रांची भेट घडविली. पुण्याच्या मुलांच्या उशाशी आयुकासारखी संस्था तरी आहे. गोंदियाच्या मुलाला तारांगण पाहायचे, तर नागपूरचे रमण विज्ञान केंद्र गाठावे लागते. जाण्या-येण्यात दिवस मोडतो. अशा निवडीची आणि अशा सहलीची गरज खरे तर इकडे अधिक.

अडचण पैशांची आहे, तशीच माहिती वेळेवर पोहोचण्याचीही. 'युविका'ची नोंदणी अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये संपली. नेमका तो दहावी-बारावीच्या परीक्षांचा हंगाम. शिक्षक पर्यवेक्षणात गुंतलेले आणि अर्ज केवळ ऑनलाइन. प्रश्नमंजूषाही त्याच मुदतीत सोडवावी लागते. जेथे मोबाइलचे नेटवर्क शाळेच्या आवारात एका ठरावीक कोपऱ्यातच मिळते, तेथील नववीच्या मुलाला ही मुदत कोणी आणि कधी सांगायची, हे त्या मार्चच्या आधीच ठरवावे लागेल.