राजापूरचा कातळ ओसाड कोणासाठी?

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत, अर्जुना व कोदवली या नद्यांच्या काठी राजापूर वसले आहे. सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदराचे महत्त्व गेले. आता या तालुक्याचे 'मागासलेपण' हेच सत्ताधाऱ्यांचे भांडवल झाले आहे.

२०१७ साली सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प नाणार येथे घाटत होता. लोकविरोधामुळे २०१९ मध्ये तेथील भूसंपादन रद्द झाले. २०२२ मध्ये बारसूचे नाव पुढे आले आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी तेथे पोलिसांचा फौजफाटा उतरला. रस्त्यावर आडव्या पडलेल्या स्त्रियांना उचलून नेण्यात आले. युक्तिवाद एकच: तरुण मुंबईला जातात, म्हणून प्रकल्प हवा.

परंतु तरुण मुंबईला का गेले? गिरण्यांना स्वस्त मजूर हवा होता. मजुरी गिरणीने दिली. पण आजारपणात, संपात आणि म्हातारपणी त्याच मजुराला गावाने पोसले. मनीऑर्डरींचा हिशेब सर्वांनी मांडला, गावाने सोसलेल्या या खर्चाचा कोणीच मांडला नाही. ज्या विकासाने गाव रिकामे केले, तोच आता त्या रिकामेपणाचा दाखला देऊन जमीन मागतो आहे!

शिवाय तेलशुद्धीकरण हा भांडवलप्रधान उद्योग आहे. गुंतवणुकीच्या मानाने त्यात कायमचे रोजगार थोडेच, आणि तेही बहुतांशी तंत्रज्ञांचे. ज्या कातळसड्याला 'पडीक' म्हणतात, तोच सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी मुरवून खालच्या वाड्यांच्या विहिरी व झरे जगवतो. त्याच्यावर गुरे चरतात. त्याच्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला आहे. ताळेबंदात न बसणारी संपत्ती ही संपत्तीच नव्हे, असे मानणारे अर्थशास्त्र मालकाचे असते, समाजाचे नव्हे.

नाथ पै आणि मधु दंडवते यांना १९५७ पासून तीन दशकांहून अधिक काळ लोकसभेत पाठविणारा हा मतदारसंघ. ज्या कोकण रेल्वेसाठी दंडवते झगडले, ती १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. पण मालावर येथेच प्रक्रिया होत नाही, तोवर ही रेल्वे प्रामुख्याने माणसेच बाहेर नेणार.

म्हणून कार्यकर्त्यांनी नुसत्या विरोधावर थांबू नये. आंबा, काजू, कोकम व मासळी यांच्या सहकारी प्रक्रियेची, नदीतील गाळ काढण्याची आणि वाडीवाडीच्या पाण्याची योजना ग्रामसभेतून मांडली पाहिजे. रोजगार हा नागरिकाचा हक्क आहे. जमिनीच्या बदल्यात टाकलेला तुकडा नव्हे.