‘बरी जिरली’ म्हणणाऱ्यांसाठी

जुलै 2025 मध्ये टीसीएसने बारा हजारांहून अधिक माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. एकूण मनुष्यबळाच्या सुमारे 2 टक्के, आणि तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. त्याआधी जानेवारी 2023 मध्ये गूगलने जगभरात 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000 जणांना नारळ दिला होता. या तिन्ही कंपन्यांची मोठी कार्यालये हैदराबादेत आहेत. त्यामुळे इतर शहरांत आकडा म्हणून वाचली जाणारी बातमी इथे शेजारच्या ब्लॉकमधल्या माणसाची असते.

अशा प्रत्येक बातमीनंतर शहराच्या जुन्या भागात एक समाधान ऐकू येते. सुलतान बाजारात, काचीगुड्यात, निवृत्तांच्या सकाळच्या फेरीत, आपल्या मराठी घरांमध्येही. ‘लाख-लाख उचलत होते, आता कळेल.’ ‘फार उडत होते, बरी जिरली.’ हे समाधान चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे. पण त्यामागचा राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही.

22 नोव्हेंबर 1998 रोजी पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्स या आयटी संकुलाचे उद्घाटन झाले आणि शहराचा तोल पश्चिमेकडे झुकला. माधापूर, कोंडापूर, गचीबावली इथली घरे शाळामास्तर, कारकून, बसचा कंडक्टर यांच्या आवाक्याबाहेर गेली ती गेलीच. घर भाड्याने द्यायचे तर मालक आधी विचारतो, ‘कुठल्या कंपनीत?’ लग्नाच्या बाजारात तर याहून वाईट. बँकेत कारकून असलेला, शेती सांभाळणारा, स्वतःचे दुकान चालवणारा मुलगा ‘सॉफ्टवेअरमध्ये नाही’ एवढ्याच कारणाने कितीदा नाकारला गेला, हे मुलांच्या आयांना विचारावे. ज्याला वर्षानुवर्षे कमी लेखले गेले, त्याच्या मनात अशा बातमीने काहीतरी हलणारच. त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

पण भाडे वाढवले कोणी? घरमालकाने. जमिनीचे भाव चढवले बिल्डरांनी आणि सरकारच्या धोरणांनी. संगणकासमोर बसणारा माणूस त्या वाढलेल्या भावाने हप्ता भरणारा गिऱ्हाईक आहे. घरमालकावरचा राग भाडेकरूवर काढून काय साधणार?

शिवाय हे लोक आहेत तरी कोण? आंध्रात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या काळात शुल्क परतफेडीची योजना आली, तेव्हा ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशी हजारो मुले इंजिनिअर झाली. आपल्या बाजूने पाहिले तर नांदेड, देगलूर, धर्माबाद, उदगीर इथल्या मुलाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे. रात्रीच्या गाडीने यायचे, अमीरपेठेत मिळेल त्या हॉस्टेलवर तिघे-चौघे मिळून राहायचे, एखादा कोर्स करायचा आणि नोकरी धरायची. पुढे पगार वाढला तरी त्या पगारावर घरे किती चालतात हे पगाराच्या आकड्यात दिसत नाही. वडिलांचे डायलिसिस, बहिणीचे लग्न, धाकट्याची फी, गावाकडच्या बोअरचे कर्ज, आणि इथल्या फ्लॅटचा वीस वर्षांचा हप्ता. याला कोणी श्रीमंती म्हणत असेल तर म्हणो. मी त्याला चांगला पगार म्हणेन. पगार थांबला की तिसऱ्या महिन्यात जो अडचणीत येतो, तो श्रीमंत नव्हे.

आता माणसाला काढतात कसे ते पाहा. एखाद्या प्रोजेक्टवरून मोकळा झालेला माणूस ‘बेंच’वर जातो. टीसीएसने जून 2025 पासून नियम केला की वर्षात 225 दिवस ग्राहकाकडून पैसे मिळतील अशा कामावर असले पाहिजे, आणि बेंचवर 35 दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही. प्रोजेक्ट मिळणे अनेकदा आपल्या हातात नसते. ग्राहकाने काम थांबवले, तुमचे तंत्र जुने झाले, तुमचा पगार त्या जागेला जड वाटू लागला, कारण काहीही असो, दिवस मोजले जातात ते तुमचे. मग एक दिवस एचआरचे बोलावणे येते. समोर दोन पर्याय ठेवले जातात: राजीनामा द्या, म्हणजे रिलिव्हिंग लेटर नीट मिळेल, नाहीतर आम्ही काढू, मग पुढच्या कंपनीने चौकशी केली की ते दिसेल. माणूस सही करतो.

2017 च्या जुलैत असे एक संभाषण ध्वनिफितीच्या रूपाने देशभर ऐकले गेले. कंपनी टेक महिंद्रा, जिने आधी हैदराबादची सत्यम ही आयटी कंपनी विकत घेतली आणि पुढे स्वतःत विलीन करून घेतली, तीच. एचआरमधली बाई कर्मचाऱ्याला सांगते की खर्चकपात आहे, उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या. तो विनवतो. ती तेच वाक्य पुन्हा सांगते, कारण तिच्याही हातात काही नाही. ती फीत फिरल्यावर आनंद महिंद्रा यांनी जाहीर माफी मागितली. तेव्हा ‘बरी जिरली’ म्हणणारे फारसे कोणी दिसले नाहीत. ऑक्टोबर 2008 मध्ये जेट एअरवेजने एका फटक्यात 800 जणांना काढले, तेव्हाही नाही. गणवेशातल्या मुली रडताना टीव्हीवर दिसल्या, राज ठाकरे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि जेटचे संस्थापक नरेश गोयल यांनी लगेच त्यांना परत घेतले. आवाज ऐकला, चेहरा पाहिला, की आपल्यातला बरा माणूस जागा होतो. कपातीच्या बातमीत मात्र फक्त आकडा आणि ‘पॅकेज’ असते, म्हणूनच तिच्यावर सुखाने हसता येते.

सत्यमचे प्रकरण हैदराबादकरांना आठवत असेल. 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांचे हिशेबातल्या घोटाळ्याचे कबुलीपत्र बाहेर आले आणि सुमारे 53,000 कर्मचारी रातोरात अधांतरी झाले. त्या वेळी या शहरात हळहळ होती, कारण गुन्हेगार समोर दिसत होता आणि तो मालक होता. तरीही सत्यममधल्या मुलांची ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्याच. काल ज्याच्यासाठी रांग लागत होती, त्याला आज लोक दारात उभे करत नव्हते. त्या मुलांनी काय गुन्हा केला होता?

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी, आणि ती या पगारदारांना बोचेल. 5 ऑक्टोबर 2019 ला तेलंगणातले सुमारे 48,000 एसटी कर्मचारी, इथल्या भाषेत आरटीसीचे, संपावर गेले. मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर केले की जे कामावर आले नाहीत त्यांनी आपली नोकरी आपणच गमावली आहे, सरकारने कोणाला काढलेले नाही. सप्टेंबरचा पगारही अडला. खम्ममच्या एका चालकाने स्वतःला पेटवून घेतले आणि तो गेला. ड्रायव्हर आणि कंडक्टरची घरे 52 दिवस उसनवारीवर जगली. त्या काळात हायटेक सिटीत मुख्य विषय काय होता? कॅब किती महागली आणि मेट्रोत किती गर्दी झाली. ‘सरकारी नोकरी, काम नको, फक्त पगार हवा,’ असे म्हणणारे तेव्हा एसी कार्यालयात बसलेले होते. ते हसणे आणि आजचे हसणे एकाच जातीचे आहे.

एचआरचे ते बोलावणे आणि हा संप, या दोन घटनांत मला सर्वात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. 48,000 कर्मचाऱ्यांना मुख्यमंत्र्यांनी सांगितले, तुम्ही स्वतःच गेलात. इंजिनिअरला एचआर सांगते, तुम्ही स्वतःच राजीनामा दिलात. एकाचा पगार दुसऱ्याच्या पाच-सहापट असेल, पण काढणाऱ्याची युक्ती तीच: कागदावर कोणी कोणाला काढलेलेच नाही. आपण बघे जेव्हा ‘त्यांचेच चुकले, माजले होते’ असे म्हणतो, तेव्हा त्याच कागदावर साक्षीदार म्हणून सही करत असतो.

मुंबईने हे पूर्वी पाहिले आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तेव्हा पांढरपेशा वस्त्यांमध्ये, आपल्याच मराठी माणसांत, ‘फार माजले होते, मालकांनी बरोबर केले’ असे म्हणणारे कमी नव्हते. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे कोणाचे मनोरे उभे राहिले ते सगळ्यांना ठाऊक आहे. हसणाऱ्यांच्या मुलांनाही त्या मनोऱ्यांत घर घेता आले नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळणे बरोबर नाही. मराठवाड्यात शेतकरी गळफास घेतो, त्याला कुठे नोटीस पिरियड असतो? ज्याच्या खात्यात सहा महिन्यांची शिल्लक आहे त्याच्यासाठी आणि ज्याच्या घरात सहा दिवसांचे धान्य नाही त्याच्यासाठी सारखेच रडायचे का? नाही. सरकारी पैसा, सरकारी धाव, आधी त्या शेतकऱ्याकडे, त्या रोजंदारीवाल्याकडे गेली पाहिजे, आणि मदतीच्या रांगेत इंजिनिअरने मागे उभे राहावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मदतीची रांग असते, सहानुभूतीला रांग लावायचे कारण नाही. एकासाठी हळहळलो म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची हळहळ कमी होत नाही. उलट माझा अनुभव असा की इंजिनिअरची नोकरी गेल्यावर जे खूश होतात, ते शेतकऱ्यासाठीही फार काही करत नाहीत. शेतकऱ्याचे नाव फक्त वादात वापरतात.

आणि हसणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. मियापूर, कोंडापूरच्या कुठल्याही सोसायटीत एक नोकरी गेली की सर्वात आधी काय होते? त्या घरात हप्ता चुकवला जात नाही, कारण हप्ता चुकला तर बँक दारात येते. मुलांची शाळाही लगेच बदलत नाहीत. आधी स्वयंपाकाची बाई बंद होते. मग गाडी धुणारा मुलगा. मग इस्त्रीवाला, डब्याची मेस, शिकवणीच्या बाई. या लोकांना नोटीस नसते, महिन्याच्या मध्येच ‘उद्यापासून नको’ म्हणून सांगितले जाते. त्यांतल्या कित्येक बाया महबूबनगरकडून, श्रीकाकुलमकडून, आपल्या नांदेडकडून आलेल्या. वरच्या मजल्यावरची नोकरी गेल्याचा पहिला मार तळमजल्यावर बसतो.

ज्याचा पगार मोठा त्याला संरक्षण मोठे असेल, असाही एक समज आहे. खरे तर उलट आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याखाली, बेरोजगारीत काही महिने तुटपुंजा का होईना भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, पण ईएसआयची मर्यादा महिना 21,000 रुपये. त्यापुढच्या माणसाला या योजनेतून एक रुपया मिळत नाही. अमेरिकेत एच-1बी व्हिसावर असलेल्या मराठी किंवा तेलुगू कुटुंबाची तर आणखी कोंडी. नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधा, व्हिसा बदला नाहीतर देश सोडा. मुलांच्या शाळेचे वर्ष कुठवर आले आहे हे तो कायदा पाहत नाही.

आता चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे कुशल आणि तांत्रिक काम करणाराही ‘कामगार’ ठरतो. पण व्यवस्थापकीय काम करणारा त्यात येत नाही, आणि देखरेखीचे काम करून महिना 18,000 पेक्षा जास्त घेणाराही नाही. आयटीमध्ये आठ-दहा वर्षे झाली की माणसाला ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ म्हणतात. कोणाला नेमायचा वा काढायचा अधिकार त्याला नसतो, तोही दिवसभर इतरांसारखेच काम करतो, पण त्या हुद्द्याकडे बोट दाखवून कंपनी त्याला कायद्याच्या बाहेर ठेवू पाहते. न्यायालये हुद्दा न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात, हे त्यातल्या बहुतेकांना माहीतच नसते.

त्याच संहितेत एक बरी तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती 45 दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. नवे काही शिकायला, पुन्हा अमीरपेठेच्या वर्गात बावीस वर्षांच्या मुलांशेजारी बसायला, चाळिशीतल्या माणसाला ती उपयोगी पडेल. कपातीची भरपाई वेगळी. पण हे सगळे ज्याला कंपनीने काढले त्याला. ज्याने ‘उद्या सकाळी दहापर्यंत’ हे ऐकून राजीनाम्यावर सही केली, त्याची कायद्याच्या दृष्टीने कपात झालेलीच नसते. ती सही दबावाखाली घेतली गेली का, हे प्रत्येक प्रकरणात तपासण्याचे काम तेलंगणाच्या कामगार आयुक्तांनी स्वतःहून हाती घेतले पाहिजे, आणि त्यासाठी त्यांच्या कार्यालयाबाहेर जे उभे राहतील त्यांत आरटीसीचे ड्रायव्हरही असावेत, काचीगुड्यातले निवृत्त कारकूनही.