कणकेचा गोळा पुरे आहे



नाताळ जवळ आला की मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिमुकल्यांच्या हस्तकलेचे फोटो येऊ लागतात. कापसाची मेंढरे, चमकीच्या कागदाचा तारा, आइस्क्रीमच्या काड्यांचा गोठा. खाली लिहिलेले असते, ‘वय दोन वर्षे’. दोन वर्षांच्या बाळाला कात्रीने सरळ रेघ कापता येत नाही हे आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. तो गोठा आईने रात्री अकरा वाजता केलेला असतो आणि बाळ तेव्हा झोपलेले असते, किंवा आईला एवढे काम उरकता यावे म्हणून त्याच्या हातात मोबाईल दिलेला असतो. मग बक्षीसही त्या गोठ्यालाच मिळते. माझे मत स्पष्ट सांगते: तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अशा स्पर्धा मंडळ्यांनी बंद कराव्यात. त्या वयाचे मूल वस्तू ‘बनवत’ नाही. ते चुरगाळते, फाडते, ओतते, चिकटवते आणि मोडते. त्याचे काम तेच आहे.

पवित्र शास्त्र हाताच्या कामाला कमी लेखत नाही. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देवाने बसालेलला आपल्या आत्म्याने भरले ते कशासाठी? सोने, रुपे, पितळ, लाकूड यांवरच्या कारागिरीसाठी. प्रभू येशूला गावचे लोक सुतार म्हणूनच ओळखत होते. जन्मांधाला दृष्टी देताना त्याने थुंकीने माती कालवली, हे योहानाने मुद्दाम लिहून ठेवले आहे. आणि आपण? बाळाचा हात चिखलात गेला की ‘शी, घाण!’ म्हणून आधी ओढून काढतो.

आता घरात काय करता येईल ते सांगते. विकत काहीच आणायला नको. जुने वर्तमानपत्र फाडायला द्या. टराटरा आवाज हीच अर्धी मजा. फाडलेले कपटे टोपलीत भरायला सांगा, पालथे करा, पुन्हा भरू द्या. भेंडीचा देठाकडचा भाग कापून हळदीच्या पाण्यात किंवा बिटाच्या रसात बुडवला की कागदावर फुले उमटतात. परातीत दोन पेले पाणी, एक वाटी, एक चाळणी. चाळणीतून पाणी का राहत नाही हा शोध बाळाला पंधरा मिनिटे पुरतो, आणि या वयाला पंधरा मिनिटे फार झाली. उरलेल्या कापडाचे तुकडे, सुती, रेशमी, खरखरीत, एका डब्यात ठेवा आणि एकेक ओढून काढू द्या.

सर्वांत उत्तम मात्र कणकेचा गोळा. पोळ्या करताना आईने, आजीने लिंबाएवढा गोळा तोडून द्यावा. बाबांनीही द्यावा; आमच्याकडे हे सारे बायकांवरच सोडून देण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. बाळ तो दाबेल, लांबवेल, त्यात बोट खुपसेल. त्याला ‘साप कर’, ‘मेंढरू कर’ असे सांगू नका. नाताळच्या करंज्या करताना तर त्याला शेजारी बसवाच. कातण आपल्या हाती, गोळा त्याच्या हाती.

यावर आमच्या वडीलधाऱ्या मंडळींचा एक आक्षेप असतो: अन्नाशी खेळू नये. तो आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, बारा टोपल्या भरल्या. म्हणून आमच्या घरी बाळाच्या गोळ्याची शेवटी वेडीवाकडी पोळी होते आणि ती तव्यावर भाजली जाते. काळी पडली असली तरी आजोबा ती खातात. भेंडीचेही तसेच: देठाचा तुकडा ठशाला, बाकीची भाजीला.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. राजमा, हरभरे, मणी, बटणे या वयात देऊ नयेत. ती नाकातोंडात जातात आणि श्वास अडकतो. बाजारच्या चिकणमातीऐवजी घरी भरपूर मीठ घालून गोळा करतात, तोही जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याला देऊ नये. साधी कणीक बरी. पाण्याचा खेळ चालला असताना फोन वाजला तरी उठू नका. बादलीतले थोडेसे पाणीही लहान बाळाला घातक ठरते.

हे सारे नवे नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे यांवर बालवाड्या चालवल्या. महागडी साधने खेड्यातल्या मुलांना परवडणारी नव्हती, म्हणून अंगणातले घेतले. आज आपण ऑनलाइन किट मागवतो आणि तीन दिवसांनी त्याचे झाकण कपाटामागे सापडते.

मोबाईलविषयी फार लिहीत नाही, ते सर्वांनी ऐकलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की वर्षाच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून अधिक नको. मला वेगळी चिंता आहे. आम्ही बेळगावकडची माणसे. मुलांची शाळा इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, मोबाईलमधली गाणी इंग्रजी नाहीतर हिंदी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि ‘उपासना संगीता’त. कणीक मळताना आजी म्हणते, चिमूटभर मीठ घाल, मूठभर पीठ घे, ओंजळ कर, आता तिंब, आता लाट, सांडू नको, निथळू दे. हे शब्द कुठल्याही ॲपमध्ये नाहीत. ते हाताबरोबर शिकले जातात. मंडळीत प्रार्थनेला उभी राहिलेली दहा वर्षांची मुले पुस्तकातले शब्द वाचतात, पण ‘ओंजळ’ म्हणजे काय विचारले तर एकमेकांकडे पाहतात. मग गीतातली ओळ त्यांच्या काळजात कशी उतरावी? पौल तीमथ्याला लिहिताना त्याच्या आजीचे, लोईसचे, नाव आधी घेतो आणि आईचे नंतर. विश्वास त्या घरात आजीच्या बोलीतूनच आला असणार असे मला वाटते.

सुना म्हणतील, आम्ही नोकरीवरून सातला येतो, हे कधी करायचे? खरे आहे. म्हणून वेगळा वेळ काढायला मी सांगतच नाही. पोळ्या तर होणारच आहेत. भाजी निवडायचीच आहे. बाळाला ओट्यापासून लांब, खाली चटईवर बसवून मेथीची चार पाने त्याच्यापुढे टाका. पसारा होईल. पसारा त्यालाच गोळा करू द्या, अर्धाच होईल, उरलेला आपण करू.

मंडळीच्या कमिटीला मी लेखी विनंती दिली आहे: यंदा तीन वर्षांखालच्यांसाठी स्पर्धेऐवजी प्रार्थनेनंतर अर्धा तास मागच्या खोलीत सतरंजी, दोन पराती आणि कणीक. फोटो काढायचे नाहीत. ज्या आजींना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या लावू. पीठ मी आणीन. पोळपाट-लाटणी प्रत्येकाने आपापली आणावी, आणि लाटण्यावर नाव घालावे, नाहीतर मागच्या सहभोजनासारखी अदलाबदल होईल.