पिठ्या ढेकणाचा वैरी

शाळेच्या कुंपणावरील जास्वंदीस पांढरी बुरशी लागली, आतां औषध मारा, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. ती बुरशी नव्हे. ते पिठ्या ढेकूण. त्यांत कांहीं तपकिरी, फुगीर व कडक झालेले दिसतात, त्यांस तर मुळींच धक्का लावूं नये. त्यांच्या पोटांत ईनॅसियस नांवाची, गांधीलमाशीची दोन-तीन मिलिमीटर लांबीची बहीण वाढत असते. मादी ढेकणाच्या अंगांत अंडें घालते, अळी आपल्या यजमानाला आंतून खाते (यजमान हा शास्त्रज्ञांचाच शब्द, पाहुणचार मोठा विलक्षण!) आणि सुमारें पंधरवड्यानें माशी कवचास वाटोळें भोंक पाडून उडून जाते.

हा ढेकूण मूळचा अमेरिकेंतला. १८९८ सालीं न्यू मेक्सिकोंतील नमुन्यांवरून त्यास नांव मिळालें. २००५ नंतर आपल्या देशांत त्यानें कपाशीवर कहर केला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं नऊ राज्यांत त्याची पाहणी केली. पुढें उपद्रव ओसरला, त्यांत या माशीचा वांटा मोठा होता. तिला कोणीं मुद्दाम आणलें नव्हतें. २००९ सालीं अलीगढचे मोहम्मद हयात यांनीं तिला नवी जाति म्हणून नांव दिलें. २०१४ सालीं उमगलें कीं, ॲरिझोनाच्या नांवानें पूर्वींच ओळखली जाणारी माशी ती हीच. यजमानापाठोपाठ वैरीहि समुद्र ओलांडून आला असावा.

हें कळलें तें नोंदींमुळें. मात्र "जास्वंदीवर माशी दिसली" ही नोंद नव्हे. एकाच डहाळीवर मुंग्या, मावा व ढेकूण नांदतात. माशी निघाली कोणाच्या पोटांतून? म्हणून एकच तपकिरी ढेकूण कांचेच्या नळींत ठेवून तोंडास कापसाचा बोळा द्यावा, आणि वनस्पति, यजमान, स्थळ व तारीख लिहावी. इतकें करूनहि फसगत होते. कधीं कधीं त्याच कवचांतून ईनॅसियसला खाऊन वाढलेली दुसरीच माशी बाहेर पडते.

पालक विचारतील, परीक्षेंत याला गुण किती? एकहि नाहीं. परंतु २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, हें ते विसरले नसतील. त्या फवारण्या बहुतेक दुसऱ्या किडींसाठीं होत्या, हें खरें. पण कीड दिसतांच पंप उचलण्याची संवय तीच, आणि आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं पऱ्हाटीच पिकते.

तेव्हां पुढील सत्रीं बागेंतला पंप भरण्यापूर्वीं आठवीच्या वर्गानें डहाळी तपासावी, अशी आमची सूचना आहे. तपकिरी कवचें अधिक भरलीं, तर पंप कोठारांतच राहूं द्यावा.